मदत हवी आहे: बेटावरील गोड्या पाण्याचे भिंग काचेच्या टाकीत कसे दाखवावे?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. विज्ञान प्रदर्शनासाठी नववीची मुले लक्षद्वीपच्या पाण्याचा प्रश्न प्रतिकृतीतून मांडणार आहेत. विषय त्यांनीच निवडला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रे बुडाल्यामुळे शहराला वेढा पाण्याचा आणि घरी पाणी टँकरचे, ही स्थिती त्यांनी लहानपणी अनुभवली आहे. त्यामुळे समुद्राच्या मधोमध राहूनही तहानलेले बेट त्यांना चटकन उमगते.

अशा प्रवाळबेटांवर नद्या नसतात. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्यावर भिंगाच्या आकारात तरंगते आणि विहिरींना तेच पाणी लागते. हे भिंग समुद्रसपाटीच्या वर जेवढे असते, त्याच्या सुमारे ४० पट खाली असते, असा ढोबळ नियम आहे. माझी अडचण याच ४० पटीत आहे.

आमची टाकी तीन फूट लांब आणि वाळूचा थर एक फूट. लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतकेच, घालून निळा रंग मिसळला आणि वरून झारीने साधे पाणी शिंपडले. परंतु फूटभर खोल भिंगासाठी वरचा उंचवटा जेमतेम साडेसात मिलिमीटरचा हवा, आणि बारीक वाळू पाणी स्वतःच वर ओढून घेत असल्याने तो दिसतच नाही. शिवाय पाणी काचेलगत घसरते व सगळे फिकट निळे होऊन बसते. लिटरमागे सुमारे १५० ग्रॅम मीठ घातल्यास हे प्रमाण दहापटीच्या आसपास येईल, असा माझा हिशेब आहे. तसा फलक लावून हे करणे योग्य ठरेल का? की परीक्षक त्याला लबाडी म्हणतील?

वाळू कोणती घ्यावी, हेही कृपया सांगावे. नदीची वाळू महाग पडते आणि क्रश सँडमधील भुकटीने पाणी गढूळ होते.

भिंग जमल्यावर शोषखड्ड्याच्या जागी लाल रंग सोडून तो विहिरीपर्यंत कसा पोहोचतो, हे दाखवायचे आहे. दाट वस्तीच्या बेटांवर सांडपाणी आणि विहीर यांत अंतरच उरत नाही, हा मला सर्वांत गंभीर भाग वाटतो. जोराने उपसा केल्यावर खालचे खारे पाणी वर चढून विहीर मचूळ होते, ते सलाईनच्या नळीने साधेल असे वाटते. समुद्राची पातळी वाढल्याचा परिणाम मात्र कसा दाखवावा, हे सुचत नाही, कारण टाकीत पातळी वाढवली की भिंगही तेवढेच वर उचलले जाते. खरे नुकसान किनारा बुडून बेट अरुंद झाल्याने आणि लाटा वरून आत शिरल्याने होते.

लक्षद्वीपची राजधानी असलेल्या कवरत्ती बेटावर २००५ पासून खोल समुद्रातील थंड पाण्याच्या साहाय्याने वाफ थंड करून दिवसाला सुमारे एक लाख लिटर गोडे पाणी मिळवण्याची सोय झाली, तिची माहिती फलकावर देत आहोत. तिची प्रतिकृती करण्याचा मुलांचा हट्ट मी तूर्त मोडून काढला आहे.

कोणी असा प्रयोग केला असल्यास वाळूच्या कणांचा आकार आणि पाणी शिंपडण्याचा वेग आवर्जून कळवावा. आमच्या हाती दोन आठवडे आहेत.