मदत हवी आहे: ‘लेवीय’ वाचायला टीकाग्रंथ कोणता घ्यावा? (बाळंतिणीचं पाप कोणतं?)

नमस्कार मंडळी,

प्रश्न आडवळणाचा आहे, तरी इथे कोणीतरी वाट दाखवेल अशी आशा.

मी आणि माझी वसईची मैत्रीण गेले चार महिने जुन्या करारातलं ‘लेवीय’ वाचतोय. ती कॅथलिक, मी संस्कृतवाली. कॉलेजात दर्शपूर्णमास (अमावास्या-पौर्णिमेचा वैदिक यज्ञ) शिकले होते, पुढे काण्यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’मधली अशौच-प्रायश्चित्ताची प्रकरणं वाचली होती. त्यामुळे हे पुस्तक ओळखीचं वाटलं आणि या फंदात पडले. सत्तावीस अध्याय. पहिल्या सातांत अर्पणांचे पाच प्रकार, कोणत्या जनावराची चरबी जाळायची, रक्ताचं काय करायचं. मग खाण्यापिण्याचे नियम, विटाळ, प्रायश्चित्ताचा दिवस. सतराव्यापासून हळूहळू सूर बदलतो: शेताच्या कडेचं पीक कापू नका, गरिबाला राहू द्या, शेजाऱ्यावर प्रीती करा.

अडलो बाराव्या अध्यायाशी. आठच वचनं आहेत. मुलगा झाला तर बाई सात दिवस अशुद्ध, आणखी तेहतीस दिवस पवित्र वस्तूला हात लावायचा नाही. मुलगी झाली तर चौदा आणि सहासष्ट. म्हणजे चाळीस आणि ऐंशी. इथवर मला फारसं नवल वाटलं नाही, आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना असतोच. पण सहावं वचन म्हणतं की दिवस भरले की तिने होमार्पणासाठी वर्षाच्या आतलं कोकरू आणि पापार्पणासाठी पारव्याचं पिल्लू किंवा होला आणावा.

पापार्पण? मैत्रीण पुस्तक मिटून म्हणाली, “अगं, बाळंत झाली ती. त्यात पाप काय केलं तिने?”

हौसेने एक जाडजूड इंग्रजी टीका मागवली. नाव सांगत नाही. पैसे माझेच होते, चूकही माझीच. या वचनावर दीड पान होतं. त्यात होला म्हणजे नम्रता, कोकरू म्हणजे ख्रिस्त, आणि आपण सगळे जन्मतःच पापी. प्रवचन म्हणून चांगलं आहे, मैत्रिणीला आवडलंही. पण मला हवं होतं ते एवढंच की तो याजक त्या पारव्याचं नक्की काय करतो आणि का करतो. त्यावर एक ओळ नाही!

तर एक, फार तर दोन ग्रंथ घ्यायचे आहेत. हिब्रू येत नाही. विधी विधी म्हणून समजावणारं हवं. मैत्रिणीच्या श्रद्धेची टिंगल नको (ती खमकी आहे, पण तरी). काय घेऊ?

— गवतीचहा

बोरूबहाद्दर:
ताई, तुम्ही जो प्रश्न विचारलाय त्यावर एका माणसाने हयात घालवली. जेकब मिल्ग्रोम. पेशाने रब्बी (ज्यू धर्मगुरू), बर्कलीला प्राध्यापक. अँकर बायबल मालिकेत त्यांचे लेवीयवर तीन खंड आहेत: १ ते १६ अध्यायांचा १९९१ साली, बाकीचे दोन २००० आणि २००१ साली. पहिला खंडच हजार पानांच्या वर जातो.

तुमच्या बाळंतिणीबद्दल त्यांचं म्हणणं थोडक्यात. ज्याचं भाषांतर ‘पापार्पण’ होतं तो हिब्रू शब्द ‘हत्तात’. पाप करणे आणि शुद्ध करणे ही दोन्ही क्रियापदं एकाच धातूची, गण वेगळे. (संस्कृतवालीला गणाचं महत्त्व मी काय सांगू!) मिल्ग्रोम म्हणतात की अर्पणाचं नाव ‘शुद्ध करणे’वरून आलंय, तेव्हा म्हणायचं तर ‘शुद्धिअर्पण’ म्हणा. पुरावा शेजारीच आहे. आठव्या अध्यायाचं पंधरावं वचन काढा. तिथे नव्या वेदीला हत्तातचं रक्त लावून शुद्ध करतात. वेदीने कोणतं पाप केलं होतं? जुन्या करारातल्याच ‘गणना’ पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात नवस निर्विघ्न पार पाडलेला नाजीर (व्रतस्थ माणूस) हासुद्धा हत्तात आणतो. त्याने तर पुण्यच केलेलं असतं.

पारव्याचं काय होतं ते ५:८-९ मध्ये आहे. याजक मान मुरगळतो पण मुंडकं तोडून वेगळं करत नाही, थोडं रक्त वेदीच्या अंगावर शिंपडतो, उरलेलं पायथ्याशी निथळू देतो. बाईच्या अंगाला थेंबही लागत नाही. ही मिल्ग्रोमची किल्ली आहे: रक्त जिथे लागतं, शुद्धी तिथली होते. मळ साचतो तो देवाच्या घरावर, माणसाने घरी बसून केलेल्या गोष्टींचासुद्धा. साध्या माणसाची चूक असेल तर रक्त अंगणातल्या वेदीच्या शिंगांना लावायचं. सगळ्या मंडळीची चूक असेल तर आतल्या पडद्यासमोर सात वेळा शिंपडायचं. आणि वर्षातून एकदा, सोळाव्या अध्यायात, थेट गाभाऱ्यात.

पाणथळ:
बोरूबहाद्दरांशी सहमत, पण हौशी वाचकाला तीन खंड म्हणजे पोहायला शिकवायला थेट समुद्रात ढकलणं आहे. मी पहिला खंड घेतला आणि चौथ्या अध्यायात गटांगळ्या खाल्ल्या. दोन ओळींच्या वचनावर पाच पानं, त्यात अक्कादी, हित्ती या प्राचीन भाषा, तालमूद (ज्यूंचा धर्मशास्त्रचर्चेचा ग्रंथ), शिवाय आधीच्या प्रत्येक पंडिताशी भांडण. तेच मिल्ग्रोम हलक्या हाताने वाचायचे तर २००४ चा एकखंडी ‘लेव्हिटिकस: अ बुक ऑफ रिच्युअल अँड एथिक्स’ घ्या. सिद्धान्त तेच, दारूगोळा कमी.

जोडीला गॉर्डन वेनम, १९७९. हा श्रद्धावान प्रॉटेस्टंट अभ्यासक, पण शिस्तीचा. विधी आधी त्याच्या काळात समजावतो, नव्या कराराशी नातं प्रकरणाच्या शेवटी वेगळं मांडतो. तुम्ही तिथे थांबा, मैत्रीण पुढे वाचेल. तोही ‘शुद्धिअर्पण’ असंच भाषांतर करतो, तेही मिल्ग्रोमचे खंड यायच्या बारा वर्षं आधी.

जॉन हार्टली (१९९२) घेऊ नका असं नाही, पण त्यात प्रत्येक उताऱ्याला संदर्भसूची, भाषांतर, पाठभेदांच्या टिपा, रचना, भाष्य, विवेचन असे कप्पे आहेत. एका वचनासाठी सहा ठिकाणी बोट घालून बसावं लागतं.

अंजिराचं_झाड:
शालोम ताई, इस्राएलमधल्या लोदहून लिहितेय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे. आजी शेवटपर्यंत मराठीच बोलली.

तुमचा बारावा अध्याय आमच्याकडे ‘ताझ्रिया’ या साप्ताहिक पाठाची सुरुवात. पूर्वी मुलांचा श्रीगणेशाच लेवीयपासून व्हायचा. मिद्राशात (रब्बींच्या जुन्या भाष्यात) कारण दिलंय की मुलं शुद्ध आणि अर्पणंही शुद्ध, तेव्हा शुद्धांनी शुद्धात रमावं. आणि तुम्ही मोठ्या बायका अडलात म्हणता!

तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न तालमूदमध्ये जसाच्या तसा आहे, ‘निद्दा’ या भागात, पान ३१ब. शिमोन बार योहाईंना शिष्य विचारतात की बाळंतीण अर्पण का आणते? ते म्हणतात, कळा देताना ती शपथ घेते की पुन्हा नवऱ्याजवळ जाणार नाही. मग ती शपथ काही पाळली जात नाही, म्हणून अर्पण. आमच्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, हे लिहिणाऱ्याच्या घरात बाळंतपण झालेलं असणार.

सांगायचा मुद्दा हा की विद्यापीठातल्या टीका घ्याच, पण रशीला वगळू नका. अकराव्या शतकातला, फ्रान्समधल्या त्र्वाचा. भाष्य त्रोटक असतं, पण विद्यार्थी कुठे अडखळणार हे त्याला आधीच कळलेलं असतं. सेफारिया या संकेतस्थळावर इंग्रजीसकट फुकट आहे, वचनावर टिचकी मारली की शेजारी रामबान आणि इब्न एझ्रा हे मध्ययुगीन भाष्यकारही उघडतात. छापील हवं तर बारूख लेव्हाइन यांचं १९८९ चं जेपीएस (ज्यूइश पब्लिकेशन सोसायटी) भाष्य घ्या. पानावर हिब्रू, त्याचं इंग्रजी, खाली टीपा. आटोपशीर आहे. लेव्हाइन आणि मिल्ग्रोम यांचं पटत नाही हे लक्षात असू द्या. अशुद्धीमागे भुताखेतांच्या जुन्या भीतीची सावली आहे असं लेव्हाइन म्हणतात. मिल्ग्रोम म्हणतात की याजकांनी भुतांना केव्हाच हाकललं, उरला तो जीवन आणि मृत्यूचा हिशेब.

एक व्यवहाराची गोष्ट. वचनांचे आकडे जुळणार नाहीत. आमच्या ५:२०-२६ ला बहुतेक प्रॉटेस्टंट आवृत्त्यांत ६:१-७ म्हणतात. मी यात एक शनिवार वाया घालवलाय.

अवांतर: सन ७० मध्ये मंदिर पडलं तेव्हापासून बळी नाहीत. पण आमच्या मलिद्याच्या (बेने इस्राएलांच्या नैवेद्यासारख्या विधीच्या) ताटात पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं असतात, आणि काही जण त्याचं नातं दुसऱ्या अध्यायातल्या अन्नार्पणाशी जोडतात. खरंखोटं देव जाणे, चव मात्र खरी.

दगडूशेजारी:
एवढे पैसे कशाला घालवता? मॅथ्यू हेन्री, काइल-डेलिच या जुन्या टीका, सगळं नेटवर फुकट पडलंय.

गवतीचहा:
@दगडूशेजारी, हेन्री पाहिला. माझ्या दीड पानाचा आजोबा तोच असावा :) काइल बरा आहे, पण तो एकोणिसाव्या शतकातला. तेव्हा सीरियातल्या उगारित या प्राचीन शहराच्या मातीच्या पाट्या मिळायच्या होत्या, त्या १९२९ पासून सापडल्या.

@अंजिराचं_झाड, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

उंबरठा:
मानववंशशास्त्राच्या बाजूने दोन गोष्टी.

मेरी डग्लस यांचं ‘प्युरिटी अँड डेंजर’ (१९६६) वाचा, निदान लेवीयवरचं प्रकरण. डुक्कर का वर्ज्य? तर खूर दुभंगलेले पण रवंथ नाही, म्हणजे वर्गवारीत न बसणारा प्राणी. घाण म्हणजे जागा चुकलेली वस्तू. त्याच पुस्तकात कर्नाटकातल्या हव्यक ब्राह्मणांच्या सोवळ्याचीही चर्चा आहे. मात्र पुढे त्यांनी स्वतःच हे मत बऱ्याच अंशी मागे घेतलं आणि १९९९ मध्ये ‘लेव्हिटिकस ॲज लिटरेचर’ लिहिलं. पहिलं वाचून थांबलेले लोक फार, तुम्ही थांबू नका. तुम्हाला श्रौत (वैदिक यज्ञविधी) येतं, तर ह्युबेर आणि मोस यांचा यज्ञावरचा १८९९ चा निबंधही पाहा. त्यांनी वैदिक यज्ञ आणि हिब्रू बळी शेजारी ठेवूनच सिद्धान्त मांडला होता.

दुसरी गोष्ट जरा टोचणारी. ‘विटाळ’ हा शब्द जपून वापरा. आपल्याकडे तो उच्चारला की जात आलीच. लेवीय ११ ते १५ मधली अशुद्धी जन्माने येत नाही. ती प्रसंगाने येते, याजकालाही येते, आणि बऱ्याचदा अंघोळ करून संध्याकाळ झाली की संपते. कायमचा अशुद्ध असा समाजगट तिथे नाही. काणे डोक्यात ठेवून वाचाल तर साम्य पटापट दिसेल आणि नेमकी हीच गोष्ट निसटेल. जोनाथन क्लावन्स यांनी विधीची अशुद्धी आणि नीतीची अशुद्धी वेगळी करून दाखवली आहे, २००० सालचं पुस्तक. बाळंतीण पहिल्या प्रकारात येते. तिने काही वाईट केलेलं नाही.

कौलारू:
वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). पुण्यात असाल तर विकत घेण्याआधी चाळून पाहा. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी, नगर रस्त्याला ज्ञानदीप, दोन्ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या संस्था. बाहेरच्यांना बसू देतात का ते फोन करून विचारा. आणि पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल मिळालं तर शेजारी ठेवा. केडगावला बसून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर, १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर निघालं.

गवतीचहा:
उशिरा उत्तर देतेय, माफी असावी. एका ग्रंथालयात दोन दुपारी बसायला मिळालं. मी सगळ्या टीका एकाच ठिकाणी उघडल्या, १२:६. दुसरं काही वाचलं नाही. पंधरा मिनिटांत कोण काय आहे ते कळतं. नव्या सुनेला आधी वरणभातच करायला सांगावा, तसं.

लेव्हाइन उजवीकडून उघडतो हे विसरून मी दहा मिनिटं मागून पुढे शोधत होते. मिल्ग्रोमच्या मोठ्या खंडाचं वजन मैत्रिणीने हातात घेऊन पाहिलं आणि “हा नको, हा पाहुणा उठायचाच नाही” म्हणाली. शेवटी त्यांचा एकखंडी घेतला, आणि वेनम तिने घेतला. रशी फोनवर. उंबरठा यांचा मुद्दा टोचला खरा. माझ्या वहीत समासात ‘विटाळ’ नऊ ठिकाणी लिहिलेला होता, खोडून ‘अशुद्धी’ केलाय.

घरी आल्यावर मैत्रिणीला एकदम लूकचं शुभवर्तमान आठवलं. दुसऱ्या अध्यायात मरिया मंदिरात जाते तेव्हा दोन पक्षीच नेते, कोकरू नाही. लेवीय १२:८ ची सवलत, ऐपत नसलेलीसाठी. दर वर्षी फेब्रुवारीत चर्चमध्ये हे वाचन ऐकते, म्हणाली, पण ती दोन पाखरं म्हणजे गरिबीचा दाखला आहे हे आज कळलं. मग बराच वेळ गप्प होती.

मुलीचे ऐंशी दिवस का, यावर मात्र कोणाचंच एकमत दिसलं नाही. मिल्ग्रोम इतर समाजांतली उदाहरणं देतात, पण आमचं समाधान झालं नाही. कोणाला माहीत असेल तर लिहा.

आता तेरावा-चौदावा सुरू केलाय. तिथे मराठीत ‘महारोग’ म्हटलेला प्रकार माणसाला होतो, लोकरीच्या कापडाला होतो, आणि घराच्या भिंतीलाही होतो. हिरवट-तांबूस खळगे पडतात, याजक येऊन पाहतो, सात दिवस घर बंद ठेवतो. मैत्रिणीच्या वसईच्या घरात मागच्या पावसाळ्यात नेमकं हेच झालं होतं, तिने फोटो दाखवला.