हापूस फ्रिजमध्ये कधी ठेवावा
कच्चा हापूस थेट फ्रिजमध्ये ठेवला की महिनाभर टिकतो, असे काहीजण म्हणतात; हे मत अर्धेच खरे आहे. थंडीने पिकणे लांबते हे मान्य. परंतु साधारण १२ ते १३ अंश सेल्सिअसच्या खाली फार दिवस राहिलेल्या कच्च्या फळाला थंडी बाधते, आणि घरचा फ्रिज तर ४-५ अंशांवर चालतो. आमची दोन डझन फळे अशीच वाया गेली: सालीवर करडे, खोलगट डाग आणि बाहेर काढून आठवडा उलटला तरी गर फिकट, आंबटच. म्हणून आधी भाताच्या पेंढ्यात अढी घालावी, म्हणजे फळे पिकण्यासाठी रचून ठेवावीत, देठाशी वास सुटू द्यावा आणि मगच फळे चार-पाच दिवसांपुरती फ्रिजमध्ये ठेवावीत. काढणीच्या वेळी थोडा देठ राखल्यास चीक सालीवर ओघळत नाही आणि अढीतली नासही बरीच कमी होते.