प्रतिसाद: मलेशियातल्या पेनांगला काहीही न ठरवता?

'दोघंच जातोय, काहीच ठरवलं नाही, पेनांगला निभेल का?' असं वर विचारलंय. निभेल की! आम्ही दोघं नेरूळहून असेच उठून गेलो होतो. जॉर्जटाउन या तिथल्या मुख्य शहराचा जुना भाग (२००८ पासून जागतिक वारसा यादीत) पायीच फिरायचा. रोजचा तक्ता आखून नवऱ्याला पळवण्यात काय मजा?

च्यू जेट्टी मात्र सकाळी गाठा. पाण्यात रोवलेल्या खांबांवर लाकडी घरं, मधून फळ्यांची वाट. फटींतून खाली पाणी हेलकावताना दिसतं. उघड्या दारातून देव्हारा, बाहेर वाळत घातलेले कपडे. माणसं राहतात तिथे, तेव्हा फोटो जरा बेतानेच. आमचे हे तर नेरूळच्या सारसोळे जेट्टीशी तुलना करत तिथेच रेंगाळले.

पेनांग हिलची फ्युनिक्युलर (दोराने डोंगरावर ओढली जाणारी) रेल्वे १९२३ ची, डबे आता नवे. शनिवार-रविवार टाळा. 'चार क्वे तिओ'त (तांदळाच्या परतलेल्या चपट्या नूडल्स) कोळंबी असतेच, बरेचदा डुकराची चरबीही. शाकाहारी असाल तर सरळ लिटल इंडिया गाठा, केळीच्या पानावर पोटभर भात मिळतो.

एवढं मात्र ऐनवेळेवर सोडू नका: मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट आहे.