चोक ओढल्यावर चालते, म्हणजे पायलट जेट बघ

भावा, चोक ओढला की गाडी नीट चालते आणि आत सारला की दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला बंद पडते, असं तू लिहिलंयस. चोक हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवतो, म्हणून त्यातच निम्मं उत्तर आहे. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना, पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर कुठूनतरी फुकटची हवा आत शिरतेय. वर कुणीतरी प्लग बदल म्हटलंय. पण नुसता प्लग खराब असता तर चोकनं एवढा फरक पडला नसता.

आधी कार्ब्युरेटर आणि इंजिनच्या मधलं रबर तपास. गाडी थंड असतानाच चालू करून त्यावर थोडा कार्ब क्लीनर मार. इंजिनचा आवाज बदलला तर रबर चिरलंय.

ते ठीक निघालं तर पायलट जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं आयडलला पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नळकांडं, काढून साफ कर. माझी गाडी पावसाळ्यात दोन महिने उभी होती, बाऊलमधून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीतून, पाणी आणि हिरवट चिकट थर निघाला! जेटच्या भोकात तार मात्र घालू नकोस. मी घातली, भोक मोठं झालं, नवीन जेट आणावं लागलं. क्लीनर आणि हवेचं प्रेशर पुरतं.

मिक्श्चर स्क्रू (आयडलचं हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरवणारा) काढण्याआधी तो हलक्या हातानं आत टेकव, किती फेरे बसले ते मोज आणि बसवताना परत टेकवून तेवढेच फेरे उलटे सोड. शेवटचं ट्यूनिंग रंकाळ्याला एक चक्कर मारून, इंजिन गरम झाल्यावरच.