स्क्वॅटमध्ये टाचा उचलतात: नेमका कुठला स्नायू ताणायचा?

प्रश्न: ट्रेनरच्या परीक्षेची तयारी करतोय. क्लायंट स्क्वॅटमध्ये खाली गेला की टाचा उचलल्या जातात. पोटरीच्या स्नायूंपैकी गॅस्ट्रोक्नेमियस ताणायला सांगू की सोलियस?

उत्तर १: सोलियस. गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून सुरू होतो. गुडघा वाकला की तो सैल पडतो. सोलियस गुडघ्याखालीच सुरू होतो, म्हणून खोल बैठकीत ताण त्याच्यावर येतो. गुडघा वाकवूनच ताणा: ३० सेकंद, प्रत्येक पायाला २-३ वेळा. पाय सरळ ठेवून भिंत ढकलत बसलात तर भलताच स्नायू ताणला जातो.

उत्तर २: अहो, आधी घोटा किती वाकतो ते मोजा तरी! अनवाणी उभं करा, अंगठा भिंतीपासून १० सेंमीवर, टाच जमिनीला चिकटलेली. गुडघा भिंतीला टेकतो का? तळपायाची कमान आत कोसळली तर माप फसवं येतं. ताण पोटरीत जाणवला तर स्नायू आखडलाय. घोट्याच्या पुढे चिमटा बसल्यासारखं वाटलं तर बहुधा सांधाच अडतोय, तिथे स्ट्रेचिंगचा फारसा उपयोग नाही. दुखत असेल तर फिजिओकडे पाठवा.

प्रश्नकर्ता: तोवर स्क्वॅट बंद?

उत्तर १: बंद कशाला? टाचांखाली २.५ किलोच्या प्लेट्स ठेवा आणि डंबेल छातीशी धरून गॉब्लेट स्क्वॅट करून घ्या.