मिशिगनमधून ताईचं मत

रविवार, 6 नोव्हेंबर 2022

मोठे काका: अगं, तुमच्याकडे अमेरिकेत मध्यावधी लागली म्हणे. बायडेनचं सरकार पडलं का? आम्हाला मध्यावधी म्हटलं की 1980 आठवतं.

ताई: नाही हो काका. इथे राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मध्यावर ही निवडणूक येतेच. प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या 435 जागा, सिनेटच्या साधारण एक तृतीयांश. मंगळवारी मतदान आहे, मी टपालाने आधीच दिलं.

मोठे काका: मग डेमोक्रॅटिक पक्षाचं काही खरं नाही. 2010 ला ओबामाच्या 63 जागा गेल्या होत्या. त्यात ही महागाई. सगळे रिपब्लिकन पक्षाची लाल लाट येणार म्हणताहेत.

ताई: जूनमध्ये मीही हेच म्हणत होते. महागाई 9.1 टक्के, पेट्रोल गॅलनला पाच डॉलर. मग 24 जूनला सुप्रीम कोर्टाने 1973 पासूनचा गर्भपाताचा हक्क काढून घेतला. आमच्या ऑफिसात डबा खाताना पेट्रोलवर बोलणाऱ्या बायका दुसऱ्या आठवड्यात 1931 च्या कायद्यावर बोलत होत्या. मिशिगनचा गर्भपाताला बंदी घालणारा तो जुना कायदा रद्द झालेलाच नव्हता. कोर्टाची स्थगिती आहे म्हणून निभावलंय.

आत्या: बलात्कार झाला असेल तरी नाही?

ताई: नाही आत्या. फक्त बाईचा जीव वाचवायला.

आत्या: कमाल आहे. आपल्याकडे 1971 पासून कायदा आहे. आत्ता सप्टेंबरात अविवाहित मुलींनाही 24 आठवड्यांपर्यंत हक्क मिळाला.

धाकटा: पण ताई, सर्व्हेत लोक महागाईच पहिली सांगतात.

ताई: मलाही विचारलं असतं तर मी महागाईच सांगितलं असतं, अंड्यांचे भाव रोज बघते मी! पण कशाची काळजी वाटते आणि मत कशावर द्यायचं, हे एकच नसतं रे. कॅन्सससारख्या रिपब्लिकन राज्यात ऑगस्टमध्ये 59 टक्के लोकांनी हक्काच्या बाजूने मत दिलं. इथे आमच्या प्रस्ताव 3 साठी, म्हणजे गर्भपाताचा हक्क राज्याच्या संविधानात घालण्यासाठी, साडेसात लाखांवर सह्या आल्या. मीही उन्हात उभी राहून गोळा केल्या. एक आजी काठी टेकत आल्या, वाचायला चष्मा नव्हता, मी अख्खा मजकूर वाचून दाखवला तेव्हा सही केली. आणि पुढे राज्याच्या निवडणूक मंडळात अडलं कशावर, तर छापील मजकुरात शब्दांमधली जागा नीट सुटली नाही म्हणून! दोन विरुद्ध दोन मतं पडली. शेवटी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने प्रस्ताव मतपत्रिकेवर घ्यायला लावला. त्या दिवशी मी रडले.

मोठे काका: हे आमच्या पेपरात आलंच नाही. आणि तो आपल्या चिकोडीचा ठाणेदार?

ताई: श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून प्रतिनिधीगृहासाठी उभे आहेत, डेमोक्रॅटिक पक्षाकडून.

बुधवार, 9 नोव्हेंबर

ताई: प्रस्ताव 3 पास झाला!! डेमोक्रॅटिक पक्षाच्या व्हिटमर पुन्हा राज्याच्या गव्हर्नर. राज्याची दोन्ही सभागृहंही डेमोक्रॅटिक पक्षाकडे, जवळजवळ 40 वर्षांनी.

आत्या: त्या आजींना कळलं असेल ना गं?

मोठे काका: ठाणेदार?

ताई: आले निवडून काका. वॉशिंग्टनचं प्रतिनिधीगृह मात्र बहुतेक रिपब्लिकनांकडे जाईल, पण थोडक्यात. मोजणी चालू आहे. मी जरा झोपते, रात्रभर जागी आहे.