मदत हवी आहे: अख्खं ॲप एकाच एचटीएमएल फाइलमध्ये कोंबलं, तर पानावर कोडच दिसतोय

अर्धविराम

नमस्कार मंडळी. दोन रात्री यात गेल्या, म्हणून शेवटी धागा काढतोय.

यंत्रांच्या तपासणीच्या नोंदी ठेवायचं छोटं ॲप आहे, रिॲक्ट (स्क्रीन उभारायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) आणि व्हीट (सगळा कोड बांधून ब्राउझरसाठी तयार करणारं, म्हणजे बिल्ड करणारं साधन) यांत केलेलं. जिथे वापरायचंय तिथे नेट नाही, आणि लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करायची परवानगीही नाही. ब्राउझर तेवढा आहे. पेनड्राइव्हवर एक फाइल द्यायची, डबलक्लिक केलं की ॲप उघडलं पाहिजे, एवढीच मागणी.

आधी बिल्डचं फोल्डर तसंच देऊन पाहिलं. पान कोरं, आणि कन्सोलमध्ये ओरिजिन ‘नल’ असल्याची कॉर्सची (दुसऱ्या ठिकाणच्या फाइल आणण्यावर ब्राउझरने घातलेल्या बंधनाची) तक्रार. फाइल थेट डिस्कवरून उघडली तर ब्राउझर शेजारच्या फाइलमधलं मॉड्यूल (कोडचा स्वतंत्र तुकडा) सुद्धा आणू देत नाही, हे तेव्हा कळलं. मग नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवायचं साधन) तीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती बिल्ड झालेली एचटीएमएल वाचते, त्यातला स्क्रिप्टचा टॅग रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकूर शोधायच्या साच्याने) शोधते आणि रिप्लेस (सापडलेलं बदलणारं फंक्शन) वापरून त्या जागी सगळा जावास्क्रिप्टचा मजकूर बसवते. सीएसएसचंही तसंच. (इथे टॅग लिहिले की एडिटर ते गिळतो, म्हणून शब्दांत सांगतोय.)

आता फाइल उघडली की ॲप येत नाही. पानभर मिनिफाय झालेला (दाबून लहान केलेला) कोड मजकुरासारखा सांडलेला दिसतो. सुरुवात दुहेरी अवतरणचिन्ह आणि बंद कंसाने होते. कन्सोलमध्ये सिंटॅक्स एरर: आर्ग्युमेंटच्या यादीनंतर बंद कंस नाही. डेव्ह सर्व्हरवर (ॲप बनवताना माझ्या मशीनवर चालतो तो) मात्र सगळं व्यवस्थित चालतं. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, नोंदींमध्ये शोध घ्यायची लायब्ररी काढून बिल्ड केलं की हा प्रकार थांबतो. लायब्ररीच बिघडलेली असेल का? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

रात्रपाळी

लायब्ररीच्या कुठल्यातरी स्ट्रिंगमध्ये (अवतरणांतल्या मजकुरात) स्क्रिप्टचा बंद टॅग असणार. एचटीएमएलच्या पार्सरला (ब्राउझरचा पान वाचणारा भाग) जावास्क्रिप्ट कळत नाही. स्ट्रिंग असो, कॉमेंट असो, बंद टॅगची अक्षरं दिसली की त्याच्या लेखी स्क्रिप्ट संपली, पुढचं सगळं पानाचा मजकूर. त्या टॅगमधल्या तिरक्या रेघेआधी एक उलटी रेघ घाला. जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंगला फरक पडत नाही आणि पार्सर फसतो.

अर्धविराम

@रात्रपाळी, तोच संशय मलाही होता, म्हणून बिल्डची जेएस फाइल आधीच धुंडाळली होती. तिथे तो टॅग शून्य वेळा. पण तुमचं वाचून आता तयार झालेली एचटीएमएल तपासली, तर तिथे दोनदा! शेवटचा माझा. दुसरा कोडच्या पोटात आहे आणि एकटा नाही, त्याच्या आधी टाइप, मॉड्यूल, फाइलचं नाव, सगळं आहे. म्हणजे जो टॅग मी काढून टाकला, तोच अख्खा आत जाऊन बसलाय. भुताटकी आहे का ही?

कंसमामा

कंस हरवलाय म्हटल्यावर मला यावंच लागलं. तो हरवलेला नाही, पानावर पहिल्याच ओळीत दिसतोय. बाकी कोडपासून त्याची ताटातूट झालीय इतकंच.

लायब्ररी निर्दोष आहे. भूत तुमच्या रिप्लेसमध्ये आहे. त्याला दुसरं आर्ग्युमेंट (काय बसवायचं ते) म्हणून स्ट्रिंग दिली की ती जशीच्या तशी जात नाही. तिच्यातल्या डॉलरच्या काही जोड्यांना खास अर्थ असतो. $& म्हणजे ‘जे सापडलं ते इथे घाल’. डॉलर आणि एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे सापडलेल्या भागाच्या पुढचं सगळं. $$ म्हणजे एकच डॉलर.

शोधाच्या बहुतेक लायब्रऱ्यांत एक ओळ हमखास असते: वापरणाऱ्याने टंकलेल्या शब्दातले कंस, तारका, प्रश्नचिन्हं यांच्याआधी उलटी रेघ लावायची. ती नेमकी $& वापरूनच लिहितात. तो $& त्या ओळीतल्या रिप्लेससाठी होता, पण तुमच्या रिप्लेसने तो आधीच पाहिला आणि आपल्यासाठीच आहे असं समजून तिथे सापडलेला टॅग चिकटवला. टॅगमधल्या अवतरणचिन्हाने स्ट्रिंग मध्येच तुटली, म्हणून सिंटॅक्स एरर. त्याच टॅगच्या शेपटाने स्क्रिप्ट बंद झाली, म्हणून उरलेला कोड पानावर.

उपाय एका ओळीचा: दुसरं आर्ग्युमेंट स्ट्रिंग न देता फंक्शन द्या, जे तोच मजकूर परत करेल. फंक्शनने परत केलेल्या मजकुरातल्या डॉलरकडे रिप्लेस ढुंकूनही बघत नाही. सीएसएसच्या जागीही तेच करा.

खरं तर तुमचं नशीब की $& निघाला. नुसता $$ असता तर एक डॉलर गुपचूप गळला असता, एररही आली नसती, आणि महिन्याभराने कुठलातरी आकडा चुकीचा दिसला असता. रात्रपाळींचा उपायही राहू द्या, आज गरज नसली तरी.

नवशिका_जुनाच

एवढा खटाटोप कशाला? याच कामासाठी व्हीटचं सिंगलफाइल नावाचं प्लगइन आहे.

कंसमामा

आहे, आणि चांगलं आहे. फक्त पब्लिक फोल्डरमधल्या (बिल्डमध्ये जशाच्या तशा जाणाऱ्या) फाइल्सना ते हात लावत नाही. तिथे आयकॉन ठेवले असतील तर ते इम्पोर्ट करून घ्यावे लागतात. चित्रं आणि फाँट बेस६४ (फाइल अक्षरांत लिहायची पद्धत) होऊन आत गेले की तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणजे एक तृतीयांश फुगवटा. देवनागरी फाँट आत घालायचा असेल तर आधी नको ती अक्षरं छाटा, पण जोडाक्षरांचे नियम शाबूत ठेवून. नाहीतर ‘क्ष’चे तुकडे पडलेले दिसतील.

अर्धविराम

फंक्शन दिलं. कोड पानावरून गेला! पण ॲप अजून नाही. आता रिॲक्ट म्हणतंय की टार्गेट कंटेनर हे डॉम एलिमेंट (पानावरचा घटक) नाही. रूटचा डिव्ह (ज्यात ॲप बसतं तो डबा) तर जागेवर आहे.

(प्लगइन माहीत नव्हतं. पण आता इतकं खोदलंय, तर हेच पूर्ण करतो.)

रात्रपाळी

टॅग बदलताना टाइप मॉड्यूल उडवलंत का? मॉड्यूल पान वाचून होईपर्यंत थांबतं. साधी इनलाइन स्क्रिप्ट हेडमध्ये असेल तर तिथल्या तिथे चालते, तेव्हा डिव्ह जन्मालाच आलेला नसतो. आणि इनलाइन स्क्रिप्टवर डीफर (‘नंतर चालव’ अशी खूण) लावून काहीही होत नाही, त्या नादी लागू नका. टाइप मॉड्यूल परत लावा. बाहेरून काही इम्पोर्ट करत नसेल तर इनलाइन मॉड्यूल डिस्कवरूनही चालतं.

अर्धविराम

उडवलं होतं. कॉर्सची तक्रार त्याच्यामुळेच येते असं वाटून. परत लावलं आणि उघडलं! दोघांचे मनापासून आभार. बिल्डच्या शेवटी आता एक तपासणीही घातलीय: तयार फाइलमध्ये बंद टॅग एकाहून जास्त असले तर बिल्ड तिथेच थांबतं.

एकच शंका राहिली. नोंदी लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) ठेवतोय. चालेल ना?

कंसमामा

भरवसा ठेवू नका. डिस्कवरून उघडलेल्या फाइलसाठी लोकलस्टोरेज कसं वागावं हे वेबच्या स्टँडर्डमध्ये पक्कं ठरलेलं नाही, प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी. उद्या फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली आणि नोंदी दिसेनाशा झाल्या, तर तपासनीस तुम्हालाच फोन करणार. टिडलीविकी (नोंदी ठेवायची विकी) २००४ पासून एकाच एचटीएमएल फाइलमध्ये चालतंय, तिथे नोंदी फाइलमध्येच असतात आणि जतन करणं म्हणजे ती अख्खी फाइल नव्याने लिहिणं. तुम्हाला तितकं लागणार नाही. नोंदी जेसनमध्ये (माहिती साठवायचा साधा मजकूर-साचा) उतरवून घ्यायचं एक बटण आणि तीच फाइल परत भरायचं एक बटण द्या. उतरवायचं बटण चांगलं मोठं ठेवा, आणि शेवटचं कधी दाबलं होतं ती तारीख त्याच्या शेजारीच दाखवा.